मास्तरांची कविता सगळ्यांनी ऐकली

या सदरातले गूढ अनुभव मी बरीच वर्षं वाचतो आहे, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसण्यासाठीच वाचत आलो. मी विज्ञान शिकवणारा माणूस. गावोगाव फिरून भोंदूबाबांचे हातचलाखीचे प्रयोग लोकांना करून दाखवलेत... नारळातून निघणारं कुंकू, पाण्यावर पेटणारा दिवा वगैरे. त्यामुळे मी हे लिहायला बसलोय हे माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी वाचलं तर त्यांना धक्का बसेल. बसू दे. मला आता कोणाची लाज उरलेली नाही. शिवाय जे घडलं ते मला दिसलं किंवा ऐकू आलं, असंही नाही. उलट आहे. ते माझ्याशिवाय सगळ्यांना ऐकू आलं.

गाव जालना जिल्ह्यातलं, अंबडच्या पुढं. नाव लिहीत नाही, कारण तिथं मास्तरांचे नातेवाईक आहेत. गावाच्या वरच्या अंगाला एक जुनं चर्च आहे. गोऱ्या मिशनऱ्यांनी निजामाच्या काळात बांधलेलं, काळ्या दगडाचं. आत सागवानी बाक, समोर तीन पायऱ्या चढून जायचं व्यासपीठ, पश्चिमेच्या भिंतीत रंगीत काचांची उंच खिडकी. दुपार कलली की त्या खिडकीतून लाल-निळा उजेड बाकांवर पडतो. बाहेर कडुनिंबाची झाडं आणि त्यांच्या आड मिशनऱ्यांच्या कबरी. आमच्यासारख्या कुणब्यांच्या पोरांनी ते चर्च लहानपणापासून बाहेरून पाहिलेलं. आत जायचं काही कारणच नव्हतं.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मोबाईल नव्हते. आम्ही काही शिक्षकांनी गावात ग्रामीण साहित्य संमेलन घ्यायचं ठरवलं. मी कार्यवाह. घ्यायचं ठरलं खरं, पण कुठं? शाळेच्या छताचं प्लास्टर पडत होतं. देवळाचा सभामंडप एका गटाचा, मारुतीचा पार दुसऱ्या गटाचा. एकाच्या जागेत घेतलं की दुसरा येणार नाही. तेव्हा याकोब मास्तर म्हणाले, "आमच्या देवळात घ्या. तिथं तुमच्यातला एकही गट न्हाई."

याकोब मास्तर म्हणजे माझे चौथीपर्यंतचे गुरुजी. मला वाचायला त्यांनी शिकवलं, कविता म्हणजे काय तेही त्यांनीच. सणासुदीला चर्चमध्ये टाळ-मृदंगावर ख्रिस्ती भजनं म्हणत, ती त्यांचीच रचलेली असत. संमेलनाच्या वेळी ते खूप थकलेले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलं आणि दोन्ही डोळे गेले. मुलगी रूथताई जालन्याच्या दवाखान्यात नर्स, विधवा, वडिलांपाशीच राहायची.

चर्च बाहेरच्या कार्यक्रमाला कधी दिलेलं नव्हतं. चर्चच्या मंडळीतल्या, म्हणजे तिथं उपासनेला येणाऱ्या जुन्या लोकांना ते पटेना. मास्तर काठी टेकत घरोघर गेले, स्वतःचा शब्द टाकला. चपला बाहेर, तंबाखू नाही, क्रुसावर बॅनर नाही, एवढ्या अटींवर परवानगी मिळाली. ती सांगायला ते माझ्या घरी आले तेव्हा म्हणाले, "दत्तू, माझं एक काम कर."

"सांगा ना मास्तर."

"एक कविता झालीय माझ्याकडं. भजन न्हाई, कविता. आयुष्यभर जमली न्हाई ती आता डोळे गेल्यावर जमली. लिहिता येत न्हाई, तोंडातच आहे. रूथला उतरून घ्यायला सांगून राह्यलो होतो, पण तिची सारखी ड्युटी, अन् मला ती सगळ्यांसमोरच म्हणायचीय, एकदाच. मी संमेलनात म्हणतो. तू उतरून घे."

"घेतो की. हे काय सांगणं झालं?"

"बघ हां. माझ्यानंतर तुझ्याचकडं राहील ती."

हा शब्द मी दिला होता.

आता जे केलं ते सांगतो. कविसंमेलनात मी मास्तरांचं नाव सगळ्यात शेवटी ठेवलं. आपल्याकडची रीतच आहे... नवखे आधी, जाणते नंतर, सगळ्यात मोठा कवी शेवटी. कोणीही म्हणेल, मान दिला. मीही सगळ्यांना तसंच सांगितलं. पण मनात दुसरंच होतं. औरंगाबादहून, पुण्याहून नामवंत कवी येणार होते, आणि मला भीती होती की मास्तर उठतील आणि काहीतरी जुन्या चालीचं, देवाधर्माचं लांबलचक म्हणतील. पाहुणे मनात हसतील. म्हणून शेवटी. तोवर पाहुण्यांच्या गाड्या गेलेल्या असतील. ज्या माणसानं मला अक्षर दिलं त्याची मला लाज वाटत होती, हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

संमेलनाच्या दिवशी सकाळी ग्रंथदिंडी चर्चपाशी आली. कधी आत न गेलेली माणसं चपला काढून आत गेली. बाया आधी दारातच घुटमळल्या, मग एकीनं उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला आणि सगळ्या शिरल्या. मास्तर पहाटेपासून येऊन पुढच्या बाकावर बसलेले. अंगात लग्नातला काळा कोट, गळ्याला मफलर. रूथताई शेजारी.

उद्घाटन लांबलं. परिसंवाद त्याहून लांबला, "ग्रामीण साहित्याची दिशा" या विषयावर एका प्राध्यापकांना दिशाच सापडेना. जेवणं झाली आणि कविसंमेलन सुरू व्हायच्या आधी मास्तरांनी मला हाक मारली.

"दत्तू, मला पहिलं घे बाबा. बसवून न्हाई राह्यलं."

"मास्तर, तुम्हाला पहिलं कसं बोलवू? तुम्ही सगळ्यात मोठे. लोक काय म्हणतील, कार्यवाहाला अक्कल न्हाई?"

"म्हणू दे. आजच्या दिवस मला लहान समज."

रूथताई म्हणाल्या, "दत्ताभाऊ, त्यांची नाडी मला बरोबर वाटत नाहीये."

मी म्हणालो, "ताई, दोन-चार जण झाले की लगेच घेतो."

दोन-चार झाले. आणखी झाले. पाहुण्या कवींची घाई होती, त्यांना आधी घेतलं. मध्येच कांतीलालशेठ माझ्या कानाशी आले. अंबडला त्यांची आडत होती. मांडव-माईकचा खर्च त्यांनीच केलेला, बोलायला मोठे गमतीचे. "सर, मास्तर घाम पुसून राह्यले थंडीत. घेऊन टाका ना जल्दी. ह्या पुण्यावाल्याची कविता तर मालगाडी आहे, डबे संपतच न्हाई."

"शेठ, पाच मिनिटं."

"तुमची पाच मिनिटं अन् माझी उधारी, दोन्ही एकसारखी," असं म्हणून ते हसत गेले.

पुण्याचे कवी म्हणत होते तेव्हा मास्तर उठले. रूथताईंनी हात धरलेला. ते माझ्या टेबलापाशी थांबले, चेहरा माझ्याकडं नव्हता, आवाजाच्या अंदाजानं बोलले. "जाऊन येतो दत्तू. थोडं पडतो. माझी पाळी आली की सांगावा धाड."

घर चर्चच्या मागच्याच गल्लीत. मी मान हलवली. आंधळ्या माणसासमोर मान हलवली!

शेवटी एकेक गाडी निघून गेली, स्थानिक कवी संपले. पश्चिमेच्या खिडकीतला उजेड बाकांवरून भिंतीवर चढत होता. टेबलावर माझ्यासमोर एकच नाव उरलं. मास्तर घरी गेलेले आहेत, आता कोणाला धाडा, कधी येणार... मी ते नाव पेनानं खोडलं, पाण्याचा घोट घेतला आणि आभार मानायला उभा राहिलो.

यानंतरचं मला असं आठवतं. मी आभार मानत होतो. सरपंच, मंडळी, चर्चचे पाळकसाहेब, कांतीलालशेठ. पण कोणी माझ्याकडं बघत नव्हतं. सगळ्यांची तोंडं व्यासपीठाकडं, माझ्या डाव्या हाताला. तिथं कोणी नव्हतं. मागच्या बाकांवरच्या बायांनी पदर डोळ्यांना लावले होते. गावात कोणाशी नीट न बोलणारा आमचा तलाठी तोंड उघडं टाकून बसला होता. मला वाटलं, दिवसभराचा थकवा. मग सगळे एकदम उठून उभे राहिले. बाक करकरले. मी मनात म्हटलं, राष्ट्रगीताला अजून वेळ आहे, हे आत्ताच का उठले?

राष्ट्रगीत झालं. लोक माझ्याभोवती जमले.

"सर, शेवट लई भारी केला!"

"मास्तरांना शेवटी ठेवलं ते बिलकुल बराबर केलं. त्यांच्यानंतर कोणाचं ऐकू वाटलं असतं का?"

मला वाटलं, टोमणे मारतायत. "अरे, मास्तर तर कधीचेच घरी गेले," मी म्हणालो.

"गेल्ते ना. मंग तुम्हीच नाव पुकारलं, अन् आल्ते की. शेठनं हात देऊन वर चढवलं."

मी कांतीलालशेठकडं पाहिलं. या गमत्या माणसाचे डोळे ओले झालेले मी कधी पाहिले नव्हते. डोळे पुसून म्हणाले, "सर, हात लई गार होता हो त्यांचा. मला वाटलं, थंडी..."

तेवढ्यात चर्चची घंटा वाजायला लागली. उपासनेची घंटा भराभर वाजते. ही एकेक ठोका, मध्ये लांब थांबून. मंडळीतली माणसं जागच्या जागी थिजली, कारण ती घंटा त्यांच्यात एकाच कारणासाठी वाजते. रूथताईंनी पाळकसाहेबांकडं निरोप धाडला होता.

आम्ही सगळे घरी धावलो. मास्तर खाटेवर, तोच काळा कोट अंगात, मफलर सैल केलेला. रूथताई नर्स होत्या, त्यांना कळत होतं ते सांगत होत्या. घरी आल्यावर थोड्याच वेळात गेले. लाउडस्पीकरवर पुण्याच्या पाहुण्यांची कविता ऐकू येत होती तेव्हाच. निरोप लगेच धाडला नाही, कारण त्या एकट्याच होत्या आणि त्यांना हात सोडवेना.

"कसं शक्य आहे ताई?" कोणीतरी म्हणालं. "आत्ता तर आम्ही सगळ्यांनी..."

रूथताईंनी वर पाहिलं. "काय आत्ता?"



यानंतर मी जी चूक केली ती पहिल्या चुकीपेक्षा मोठी. ऐकलेलं लोकांच्या डोक्यात ताजं होतं तेव्हा मी वहीपेन घेऊन घरोघर जायला हवं होतं. ओळ ओळ गोळा झाली असती. मी काय केलं? मी त्यांना समजावत बसलो. समूहाचा भ्रम कसा होतो, दिवसभर बसून थकलेल्या माणसांना काय काय भासतं, एकानं म्हटलं की दुसऱ्याला तसंच आठवतं. स्टाफरूममध्ये भाषण दिलं. लोक हळूहळू माझ्यासमोर तो विषय काढेनासे झाले. तलाठी एकदा म्हणाला, "सर, तुम्ही म्हणता तर भास असंल. पण तुम्ही मास्तरांचे विद्यार्थी ना? तुम्हाला तर जास्तच भासायला पाहिजे होतं." मी त्याच्याशी बोलणं सोडलं.

माईकवाल्यानं दिवसभराचं कॅसेटवर टेप केलेलं होतं. कार्यवाह म्हणून कॅसेट माझ्याकडं आल्या. शेवटची लावली. स्थानिक कवी, टाळ्या, आणि मग नुसती खरखर. माझे आभारसुद्धा नाहीत. खूप वेळ खरखर, मग बाक करकरल्याचा आवाज, मग राष्ट्रगीत. मला बरं वाटलं! हा घ्या पुरावा. मास्तरांचा आवाज नाही. माझे आभारही नाहीत, म्हणजे टेप बिघडला होता. मिटलं.

ती कॅसेट घेऊन मी रूथताईंकडं गेलो. त्यांच्या मनातून ते खूळ जावं, हा माझा हेतू, आणि तो मला तेव्हा चांगला वाटत होता. त्यांनी टेपरेकॉर्डर आणला. मी कॅसेट लावली. खरखर सुरू झाली आणि मी बोलायला तोंड उघडलं, "बघा ताई, यात तर..."

त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. त्यांनी डोक्यावर पदर घेतला होता. ओठ घट्ट मिटलेले. मध्येच एकदा त्या हसल्या, जसं घरातलं माणूस ओळखीचं काही बोललं की आपण हसतो तसं. मग रडल्या. मला खरखर ऐकू येत होती. बाक करकरले तशा त्याही उठून उभ्या राहिल्या.

मी विचारलं, "ताई, काय... काय म्हणाले?"

त्यांनी माझ्याकडं वळून बघितलं. "तुम्हाला ऐकू आलं नाही?"

मी मान खाली घातली.

"ताई, मी पाया पडतो. सांगा. मी उतरून घेतो, मी शब्द दिलाय त्यांना."

"दिवसभर बसले होते ते, दत्ताभाऊ," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "ऐकायचं होतं तर तेव्हा ऐकायचं."

कॅसेट त्यांनी ठेवून घेतली. मीही मागितली नाही.

मी कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. कान उत्तम. मनाच्या डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले, अपराधाची भावना, मन ऐकू देत नाही. पटलं मला. पण मग लोकांनी काय ऐकलं? आणि खरखरीत रूथताईंनी काय ऐकलं? त्यावर ते म्हणाले, तो माझा विषय नाही.

वर्षं गेली. मग मी लोकांना विचारत फिरलो, उशिरा. सगळे एकच सांगत, "सर, लई भारी व्हती." कशावर होती? आता शब्द आठवत न्हाई. एक म्हातारी म्हणाली, "त्या दिवशी घरी जाऊन म्या भांडलेल्या जावेला जेवाया बोलावलं. एवढंच ध्यानात हाये." कांतीलालशेठ गेले. तलाठी बदली होऊन गेला. रूथताईंनी ती कॅसेट इतक्यांदा लावली की टेप यंत्रात गुंतून तुटली, असं कानावर आलं. त्या दिवशी मी जेवलो नाही.

मग रूथताई निवृत्त झाल्या, आजारी पडल्या. एके दिवशी सकाळी त्यांचा निरोप आला, या म्हणून. मी गेलो. खाटेवर अगदी लहान दिसत होत्या. घरात आम्ही दोघंच, शेजारीण भाकरी टाकायला गेलेली.

"दत्ताभाऊ, मी फार कठोर झाले तुमच्याशी," त्या म्हणाल्या. "बापूंना आवडलं नसतं." मास्तरांना त्या बापू म्हणायच्या. " ती कविता पूर्ण मला तोंडपाठ आहे. माझ्याबरोबर मातीत जायला नको. माझा हात कापतो, लिहिणं होत नाही. तुम्ही घ्या लिहून."

मी पिशवीतून कागद काढला, पेन काढलं. मांडीवर पाट घेतला. म्हटलं, "सांगा ताई."

त्यांनी डोळे मिटले आणि सांगायला लागल्या.

त्यांचे ओठ हलत होते. शेजारच्या घरात भाकरी थापल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. गल्लीतून बैलगाडी गेली, तिच्या चाकांची कुरकुर ऐकू आली. कोणीतरी पोराला शिव्या घातल्या, त्या ऐकू आल्या. त्यांचे ओठ हलत होते, मध्ये मी लिहावं म्हणून त्या थांबत होत्या, थोडा वेळ देऊन पुढं जात होत्या. मी पुढं वाकलो. कान त्यांच्या तोंडापाशी नेला. त्यांचा श्वास गालाला लागत होता, गरम. श्वासाचा आवाज येत होता. शब्द नव्हता. एकही शब्द नव्हता. ओठांवरून काही ओळखू येतं का बघितलं, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि तेही गेलं.

"थांबा, पुन्हा सांगा" असं म्हणणार होतो. पण त्यांना धाप लागली होती. जे काही उरलं होतं त्यातलं किती त्यांनी यासाठी खर्च केलं, ते दिसत होतं.

त्यांनी डोळे उघडले.

"झालं का लिहून?"

मी कागद छातीशी धरला. "हो ताई. झालं."

"सगळी?"

"सगळी."

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी समाधान म्हणेन. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आता तुमच्याकडं आहे." थोड्याच दिवसांत त्या गेल्या. घंटा वाजली, ती मात्र मला ऐकू आली.

तुम्ही म्हणाल, याचा अर्थ काय. मला माहीत नाही. शिक्षा म्हणावं तर कोण करतंय? मास्तरांनी चौथीच्या वर्गात कोणाला छडीसुद्धा लावली नाही, मेल्यावर ते असं वागतील हे मला पटत नाही. माझंच मन म्हणावं, तर बाकीचं काही जुळत नाही. लोकांना आजही वाटतं की मास्तरांची कविता माझ्याकडं लिहिलेली आहे. रूथताईंनी जाण्याआधी पाळकसाहेबांना तसं सांगून ठेवलं होतं. मंडळीचे लोक येतात, म्हणतात, सर, चर्चमध्ये फरशीवर कोरून लावू, द्या ना एकदा. मी म्हणतो, देतो. शोधून देतो.

गेल्या आठवड्यात पुन्हा आले होते.